फुंक

मेडिकलच्या तळमजल्यावर, एकोणीस नंबरच्या खोलीत,
मी लोकांना फुंकायला सांगते.
बावीस वर्षं झाली.
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी
आणि माझा आवाज:
जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका—
सकाळी लेक विचारतो,
'आई, रात्री झोपेत कोणाले फुकवून राहिली होती?'

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं.
प्रत्येक श्वासाची कागदावर टेकडी काढतं.
धडधाकट छातीची रामटेकसारखी, चढ उभा.
बाकीच्या
खाटेच्या सैल नवारीसारख्या मधेच खचतात.
फुटाळ्यावर रोज चालणारे देवपुजारी साहेब
दरवर्षी एकशे चार आणतात
आणि कागद घडी न करता नेतात.

काल रैवंताबाई उईके आली.
वय? 'लिही पन्नास.
मांगच्या साली बी पन्नासच लिहिलं होतं.'
उंची एकशे शेहेचाळीस.
मग यंत्राला एक रकाना लागतो: वंश.
सवयीनं मी तो मोठ्यानं वाचला.
'गोंड,' ती म्हणाली.
आणि जरा थांबून,
'हे मशीन बी इचारते काय वं?'

यादीत गोंड नव्हतं. भारतीय होतं. ते दाबलं,
जसं बावीस वर्षं दाबत आले.
पण बोट काही उचलेना.
हा रकाना भरला की यंत्र
आपली अपेक्षा थोडी खाली आणतं, हे मला ठाऊक होतं.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, चहाच्या आधी.
दूरच्या गोऱ्या छातीला जेवढी हवा लागते
त्याहून कमीत आमचं भागतं म्हणे.
कोणी मोजलं हे आमचं भागणं?
मोजताना चुलीत काय जळत होतं?
ज्यांचं मोजलं ती लेकरं
कोणाच्या राखेच्या वाऱ्यात वाढली होती?

रैवंताबाईनं फुंकलं.
तिसऱ्या खेपेला खोकला आला,
खोलीतला कूलर आधी थांबला की ती, कळलं नाही.
सोळा वर्षं क्रेशरवर गिट्टी.
तोंडाला पदर.
पाणी शिंपडत नव्हते का?
'शिंपडत ना. साहेब येनार असला का शिंपडत.
त्या दिवशी मस्त वाटे.
साहेब दोनदा आला.'
तीनदा टीबीच्या गोळ्यांचा कोर्स झाला,
थुंकीत टीबी एकदाही निघाली नाही.

कागद आला: चौसष्ट.
आमच्याकडे साठच्या खाली असेल
तर छातीच्या स्कॅनची चिठ्ठी त्याच दिवशी.
वर असेल तर दिवाळीनंतरची तारीख.
मी दाराकडे पाहिलं.
रकान्यात परत गेले,
यादीतलं सर्वांत वरचं नाव दाबलं.
फुंक तीच, बाई तीच, धूळ तीच.
छप्पन.
दोन्ही कागद एकाला एक टाचले.
डॉक्टर कोल्हे म्हणाले, 'हे दोन काहून?'
म्हटलं, 'सर, एक तिचा आहे,
दुसरा आपला.'
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
बोलले काहीच नाही, चिठ्ठी लिहिली.
उद्या माझी बोलणी होतील बहुतेक.

पाच वाजता खोली रिकामी.
मी कोराडीची.
आमच्या दोरीवरचं पांढरं कधी पांढरं वाळलं नाही.
बावीस वर्षांत स्वतः एकदाही फुंकलं नव्हतं.
नवी नळी घेतली, चिमटा लावला,
आणि वंशाच्या रकान्याशी अडले.
शिवाय अजून म्हणायला कोणी नव्हतं.

दारात रैवंताबाई.
स्कॅनची खोली सापडेना म्हणून परत आलेली,
एका हाताने चौकट धरून, दम खात.
तिनं नळी पाहिली, मला पाहिलं,
सगळं समजून खुर्ची ओढली.
'फुक वं बाई,' म्हणाली.
'फुक. अजून. अजून.
मी हाव इथंच.'